संगणकाचा ‘सपोर्ट’ संपतो म्हणजे काय?



आजचा विषय फलकावर वाचून वाटेत दोघातिघांनी मला विचारले, “तुम्ही युनियनचे माणूस, तुमचा संगणकाशी काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते टाकव्याच्या कारखान्यांच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. हा विषय मला एका खातेअंतर्गत चौकशीसाठी शिकावा लागला. एका माणसाची नोकरी त्यात अडकली होती.

गोष्ट २०२१ च्या पावसाळ्यातली आहे. आमच्या भागातल्या एका लहान कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये एक संगणक होता. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रके, गेटपास असे सारे काम त्याच्यावर चाले. एके दिवशी सकाळी कारकुनाने तो सुरू केला, तर पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला की, तुमच्या सर्व फायलींना आम्ही कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. पगाराचा दिवस चार दिवसांवर आला होता. महिन्याची हजेरी गेली, पगार नऊ दिवस उशिरा झाला, आणि ओव्हरटाइमचे तास ज्याच्या खिशातल्या वहीत लिहिलेले होते त्यालाच तेवढे मिळाले. एवढे झाल्यावर कोणीतरी दोषी हवा होता. खुर्चीवर कारकून बसत होता, म्हणून आरोपपत्र त्याला मिळाले. बाहेरचा पेन ड्राइव्ह लावून घोर निष्काळजीपणा केला, असा आरोप होता.

तो माझ्याकडे आला. म्हणाला, “दादा, पेन ड्राइव्ह लावला हे खरं आहे. मुलीचा शाळेचा फॉर्म छापायचा होता. पण त्या पडद्यावर दीड वर्षापूर्वीच एक पाटी आली होती. मी साहेबांना बोलावून दाखवली. ते म्हणाले, दाबून टाक.”

ती पाटी कसली होती, याचा मी शोध घेतला. त्या संगणकावर विंडोज ७ होते. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि दुसऱ्या दिवसापासून अशा संगणकांवर पडदाभर सूचना येऊ लागली की, या प्रणालीला यापुढे संरक्षण नाही. सूचनेखाली निरनिराळी बटणे होती. त्यांतल्या एकाचा अर्थ होता, ‘पुन्हा आठवण करू नका’. तेच दाबले गेले. आठवण खरोखरच पुन्हा झाली नाही.

पाटीचा अर्थ समजल्यावाचून मला चौकशीत उभे राहता येत नव्हते. त्या वेळी जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण तीच पाळी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० वर आली. आपल्या शाळांतून, पतसंस्थांतून, दवाखान्यांतून, छापखान्यांतून आणि घराघरांतून हीच प्रणाली वर्षानुवर्षे चालत आलेली आहे.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते पाहू. कारखान्यात मशीन असते, माल असतो, माणसे असतात. तरी शिफ्ट लावणारा, कोणत्या मशीनवर कोण हे सांगणारा, भांडाराची किल्ली कोणाला द्यावयाची हे ठरविणारा कोणीतरी लागतोच. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. तुमचे टंकलेखन, हिशेब, छपाई, इंटरनेट ही सारी तिच्या हुकमतीखाली चालतात. ती कोट्यवधी ओळींची लेखी आज्ञावली असून माणसांनी लिहिलेली असते. माणसाच्या लिखाणात चुका राहतात. काही चुका निरुपद्रवी असतात, तर काही भिंतीतल्या फटीसारख्या असतात. जाणता चोर त्यांतून आत शिरतो.

अशा फटी वर्षानुवर्षे सापडत राहतात. प्रामाणिक संशोधक त्या शोधतात, चोरही शोधतात. फट कळली की कंपनीचे लोक तिच्यापुरते ठिगळ तयार करतात आणि ते इंटरनेटवरून तुमच्या संगणकाकडे येते. २००३ पासून मायक्रोसॉफ्टने त्यासाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून ठेवला आहे. संगणक बंद करताना ‘थांबा, अपडेट चालू आहे’ असे येते आणि आपण चरफडतो, ते हेच काम. अमुक तारखेपर्यंत हे काम करीत राहू, असे जे वचन कंपनी देते त्याचे नाव सपोर्ट.

ती तारीख आधीच जाहीर झालेली असते, ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. विंडोज एक्सपी २००१ साली आले, त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज ७ हे २००९ चे, ते २०२० ला संपले. विंडोज १० हे २०१५ चे, ते २०२५ ला संपले. कामगाराच्या सेवानिवृत्तीची तारीख जशी त्याच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते, तशीच ही असते.

आता प्रश्न असा की, त्या तारखेला घडते काय? काहीच घडत नाही. संगणक सुरू होतो, फायली जागच्या जागी असतात, प्रिंटर कागद टाकतो. नेमकी येथेच फसगत होते. बॉयलरचे उदाहरण घ्या. बॉयलरचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते. मुदत संपली त्या दिवशी बॉयलर फुटत नाही, वाफ कालच्यासारखीच येते. तरीही प्रमाणपत्रावाचून तो चालवू नये असा कायदा आहे, कारण आतली नळी किती झिजली हे पाहणारा निरीक्षक आता येऊन गेलेला नसतो. वाफ येते म्हणून बॉयलर सुरक्षित आहे, असे कोणी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण सगळेच तसे म्हणतो.

पुढे हळूहळू जे घडते ते असे. पहिली गोष्ट, नवी फट सापडली तर ती कायमची उघडी राहते. याहून वाईट म्हणजे, नव्या प्रणालीत जुन्या प्रणालीचा पुष्कळसा मजकूर तसाच पुढे आलेला असतो. नव्यासाठी ठिगळ जाहीर झाले की चोर ते उलगडून पाहतो. ठिगळ कोठे लावले यावरून फट कोठे होती हे त्याला कळते, आणि तीच फट जुन्या घरात बुजविलेली नाही हेही कळते. नव्याची दुरुस्ती हाच जुन्यावर घाला घालण्याचा नकाशा होतो.

दुसरी गोष्ट, शेजारीही घर सोडू लागतात. क्रोम हा न्याहाळक एक्सपीवर २०१६ पर्यंत आणि विंडोज ७ वर २०२३ च्या प्रारंभापर्यंतच नव्या आवृत्त्या देत राहिला. मग बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, नवा प्रिंटर ओळखला जात नाही. तिसरी गोष्ट अँटिव्हायरसची. पुष्कळांचा भरवसा त्याच्यावर असतो आणि तो अगदीच वाया नाही. परंतु अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा वॉचमन. मागची भिंतच पडली असेल तर दारावरच्या वॉचमनने काय करावे?

हे सारे केवळ तर्काचे नाही, घडलेले आहे. अमेरिकेच्या एका गुप्त सरकारी संस्थेने विंडोजमधील एक फट शोधून आपल्यापाशी गुपचूप ठेवली होती. ते गुपित चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये जगजाहीर झाले. त्याच्या महिनाभर आधी, १४ मार्च २०१७ रोजी, मायक्रोसॉफ्टने सपोर्ट चालू असलेल्या प्रणालींसाठी ठिगळ दिले होते. एक्सपीला ते मिळाले नाही, कारण त्याची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच फटीतून सुटला. युरोपच्या पोलीस संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक त्याने धरले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांच्या कामात इतका अडथळा आला की रुग्णांच्या हजारो तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. हाहाकार पाहून कंपनीने मृत घोषित केलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून ठिगळ काढले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण चौकशीत ती माझ्या विरुद्धही जाऊ शकत होती. पुढे तपासात असे आढळले की, वॉनाक्रायने धरलेले बहुतेक संगणक एक्सपीचे नव्हते, विंडोज ७ चे होते. विंडोज ७ चा सपोर्ट त्या वेळी चालू होता. ठिगळ दोन महिने आधी आलेले होते, पण लावलेले नव्हते. म्हणजे औषध मिळत असताना न घेणारा आणि ज्याच्यासाठी औषधच बनत नाही तो, या दोघांची गत सारखीच. सपोर्ट ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी म्हणजे तो वापरणे.

कोणी म्हणेल, हे विलायतेचे झाले. तर उरणजवळ न्हावाशेव्याला या. वॉनाक्रायनंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा विषाणू युक्रेनमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम बंद पडले. कंटेनर कोणता, तो कोठे ठेवावयाचा, कोणत्या ट्रकवर चढवावयाचा, हे सांगणारा संगणकच गप्प झाला. क्रेन धडधाकट, ट्रक धडधाकट, हमाल आणि ड्रायव्हर हजर, आणि तरीही माल जागचा हलेना. ट्रकमध्ये ताटकळणाऱ्या ड्रायव्हरने कोणता पेन ड्राइव्ह लावला होता? हा विषाणू तीच जुनी फट वापरीत होता. शिवाय एका संगणकात शिरला की तेथले पासवर्ड उचलून तो शेजारच्या दुरुस्त केलेल्या संगणकातही जाई. म्हणजे शंभरांतला एक संगणक दुर्लक्षित राहिला, तर उरलेल्या नव्व्याण्णवांची काळजी फुकट जाऊ शकते. मर्स्कला पुढे सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिने स्वतः सांगितलेले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरातले होते.

दुसरे उदाहरण आपल्या खिशाजवळचे आहे. एटीएम हाही एक संगणकच आहे. एक्सपीची मुदत २०१४ ला संपली, तरी आपल्या देशातली कित्येक एटीएम त्यावरच चालत राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे बांधून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान पाव हिस्सा, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सारी एटीएम सपोर्ट असलेल्या प्रणालीवर आणावीत. या आदेशात मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. एटीएमच्या दारात बसणाऱ्या रखवालदाराला तो काढलेला नाही, बँकेला काढलेला आहे. यंत्र ज्याचे, जबाबदारी त्याची, एवढे त्यात स्वच्छ आहे.

मग माणसे जुन्याला चिकटून का राहतात? सगळीच आळशी नसतात. आपल्या मराठी छपाईकडे पाहा. पेजमेकर या मांडणीच्या प्रोग्रॅमची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. श्रीलिपीच्या किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टमध्ये घडविलेली पुस्तके, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक हजारोंनी साठलेले आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर बसविलेले असे. फॉन्ट नसला की ‘मावळ’च्या जागी रोमन चिन्हांची रांग उमटते. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला त्याची स्वतःची खुर्ची दिली, पण जुने भांडार आपोआप बदलत नाही. डीटीपी करणाऱ्या माणसाची पंधरा वर्षांची मेहनत त्या जुन्या संगणकात असते. तसेच लहान कारखान्यांचे. कित्येक मशीनांची नियंत्रणपेटी म्हणजे आतून जुने विंडोजच असते. मशीन आणखी वीस वर्षे चालेल असे असते, आणि पेटीतली प्रणाली दहा वर्षांत म्हातारी ठरते.

शिवाय खर्च आहे. विंडोज ११ साधारणपणे २०१८ च्या आधीच्या प्रोसेसरवर बसू देत नाहीत, आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप असावी अशी अट आहे. म्हणजे धडधाकट संगणक केवळ कंपनीच्या यादीत बसत नाही म्हणून अडगळीत जातो. ही तक्रार मला खरी वाटते. त्याबरोबर दुसरी बाजूही सांगतो. ठिगळे लावणारे लोकही कामगारच आहेत, आणि वीस वर्षांपूर्वीच्या मजकुरावर त्यांनी फुकट व अखंड राबावे असे म्हणणे मला तरी शोभणार नाही. जुने असणे हा काही गुन्हा नव्हे. आमच्या आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघराला पाणी देत आले आहे. शतक उलटले तरी ते उभे आहे, कारण त्याची देखभाल कोणाच्या तरी नावावर लिहिलेली आहे. धोका जुनेपणात नसतो. देखभाल कोणाच्याच नावावर नसण्यात असतो.

आता उपाय. पहिले, आपल्या संगणकावर कोणती प्रणाली आहे ते आज घरी गेल्यावर पाहा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ येथे ते लिहिलेले असते. दुसरे, महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली ठेवली तर विषाणू तिलाही कुलूप लावतो. त्या कारखान्यात अशी एक प्रत असती तर पगार नऊ दिवस अडला नसता.

तिसरे, पुढच्या प्रणालीवर जाता येत असेल तर जा. येत नसेल तर काही काळ मुदतवाढ मिळते. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली, आणि संस्थांसाठी तीन वर्षांपर्यंतची. संस्थांचा दर पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर असून पुढे दरवर्षी दुप्पट होतो. ही मुदतवाढ म्हणजे औषध नव्हे, तयारीला मिळालेला वेळ आहे. जुन्या संगणकावर लिनक्स बसविणे हा आणखी एक मार्ग. ती फुकट मिळते, आणि आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची तिची भारतीय आवृत्ती काढली आहे. पण लिनक्सच्या आवृत्त्यांनाही मुदत असतेच, आणि आपला हिशेबाचा किंवा छपाईचा प्रोग्रॅम तीवर चालेल की नाही हे आधी तपासावे लागते.

चौथे, ज्या संगणकाला जुन्या प्रणालीवाचून गत्यंतरच नाही, मग तो मशीनचा असो की डीटीपीचा, त्याचे इंटरनेट तोडा आणि कार्यालयाच्या इतर संगणकांशी असलेली त्याची जोडणीही काढा. त्याला एकट्याला त्याचे काम करू द्या. पैशाचे व्यवहार, आधारचे कागद, रुग्णांची किंवा सभासदांची माहिती त्यावर ठेवू नका. आणि इतके करूनही फसवणूक होऊन पैसे गेले, तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर कळवा.

आता चौकशीचे काय झाले ते सांगतो. मी तीनच प्रश्न विचारले. सपोर्ट संपल्याची तारीख कारखान्यात कोणाला माहीत असणे अपेक्षित होते? पैसे भरून २०२३ च्या जानेवारीपर्यंत मुदतवाढ घेता येत होती, ती घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय कोणी केला? आणि पेन ड्राइव्ह लावू नये असा लेखी आदेश कारकुनाला केव्हा दिला? तिन्हींचे उत्तर कागदावर नव्हते. विषाणू पेन ड्राइव्हमधून आला की इंटरनेटवरून, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. घोर निष्काळजीपणाचा आरोप गळाला. पेन ड्राइव्ह लावल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती मी मान्य करविली, कारण तेवढी चूक त्याची होतीच. नोकरी राहिली. त्याच्या कपाटात आता दर शनिवारी एक हार्ड डिस्क ठेवली जाते, आणि नोंदवहीत तिच्यापुढे सही होते.

श्रोतेहो, यंत्र बिघडले की त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. गिरणीत बोट तुटले तर कामगाराचे लक्ष नव्हते असे म्हणत. यंत्राला जाळी का नव्हती, हे विचारायला पुढे कायदा यावा लागला. संगणकाच्या बाबतीत आपण अजून त्या जाळीच्या आधीच्या काळात आहोत. तुमच्यापैकी कोणी शाळेच्या समितीवर असेल, कोणी पतसंस्थेचा संचालक असेल, कोणी दुकानाचा मालक असेल. तुमच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्याकडे संगणक किती, प्रत्येकावर प्रणाली कोणती, तिची मुदत केव्हा संपते, आणि त्या ओळीपुढे नाव कोणाचे? एका कागदावर मावेल एवढे हे काम आहे. त्या कागदावर नाव लिहिलेले असले, तर उद्या पडद्यावर पाटी येईल तेव्हा कारकुनाने कोणाला बोलवावे हा प्रश्न उरणार नाही, आणि ज्याला बोलावले त्याला ‘दाबून टाक’ म्हणता येणार नाही.